काशीला सोडलेलं आंबट

माळेवाडीच्या धोंडीबाची म्हैस उन्हाळ्यात दूध देत नसे, थेट खवा देत असे. हे धोंडीबाच सांगायचा. भूम तालुक्यातलं ऊन तसं काही कमी नाही. त्या उन्हानं म्हशीच्या पोटातच दूध आटायचं आणि हा चरवी घेऊन खाली बसला की धारेऐवजी खव्याचे गोळे पडायचे, टप टप टप.

"मग खव्याचा भट्टीवाला म्हनला, तात्या, साखर घालून पेढंच का देत न्हाय ती? म्या म्हणलो, उसाच्या फडात चारली तर पेढंबी दिईल. पन फड पडला ढोकीकडं, आन म्हशीला एश्टीचा पास कोन देतंय?"

पारावरची माणसं पोट धरून हसायची. कुणाला ते खरं वाटत नसे आणि वाटावं अशी धोंडीबाचीही इच्छा नसे. त्यानं एकदा वावटळ पोत्यात धरली होती आणि सुगीत पोत्याचं तोंड जरासं सैल करून सगळी ज्वारी उफणून घेतली होती. त्याच्या विहिरीचा तळ एवढा खोल होता की पडलेली बादली काढायला गेला तर ती पलीकडून कुणीतरी ओढत होतं. बहात्तर वर्षांचा गडी, डोक्याला मुंडासं, मिशा पांढऱ्या आणि जीभ मात्र मिसरूड न फुटलेल्या पोराची.

घरीही तेच. संध्याकाळी तो ओसरीवर टेकून सुरू करायचा आणि आत चुलीपाशी बसलेली द्वारकाबाई हुंकार द्यायची. अठ्ठेचाळीस वर्षं तिनं हे काम केलं. हात पिठात असोत की राखेत, गोष्टीत जिथं जागा असेल तिथं आतून बरोबर "हूं" यायचं. त्या "हूं"वर धोंडीबाची गाडी पुढं जायची. पारावरचं हसू हा वरचा मसाला. खरं इंधन हे.

अशा माणसाची एकच थाप गावानं खरी मानली, आणि तिथंच घात झाला.

त्याचं असं झालं. पौषात माळेवाडीची आणि शेजारच्या दोन वाड्यांची मिळून एक बस काशीला गेली. काशीला गेलं की माणसानं एखादी खाण्याची वस्तू कायमची सोडायची, ही आपल्याकडची रीत. आवडती सोडावी असं म्हणतात. पण देवाला आपली आवड कुठं ठाऊक, असा हिशेब करून लोक जपून सोडतात. एकानं सफरचंद सोडलं, एकीनं फणस. धोंडीबाचा शेजारी शंभुलिंग, सरळ नाकासमोर चालणारा माणूस, त्यानं पडवळ सोडलं. माळेवाडीत पडवळ आल्याचं कुणाच्या स्मरणात नव्हतं.

द्वारकाबाईचे गुडघे तिसऱ्याच दिवशी सुजले, म्हणून ती धर्मशाळेत पडून होती. धोंडीबा बाकीच्यांबरोबर घाटावर गेला. गेला म्हणजे घाटाच्या वरच्या पायरीपर्यंत गेला. तिथं एक पेरूवाला बसला होता. मुठीएवढे पेरू, चार चिरा दिलेले, आत काळं मीठ आणि तिखट भुरभुरलेलं. धोंडीबानं म्हटलं, एक खाऊन जावं. एकाचे दोन झाले. चौथा संपत आला तेव्हा खालून ओली धोतरं सावरत मंडळी वर येताना दिसली. धोंडीबानं उपरण्याला हात पुसले, आचमन केल्यासारखं तोंड केलं आणि सगळ्यांच्या पुढं चालायला लागला.

हे एवढ्यावर मिटलं असतं. पण परतीच्या बसमध्ये शंभुलिंगानं पडवळाचं सांगितलं.

"पडवळ!" धोंडीबा ओरडलाच. "आरं, तुझ्या बापानं तरी बघितलं व्हतं का पडवळ? त्यापरीस हत्ती सोडायचा व्हता. म्हनायचं, देवा, आजपसनं हत्ती खानार न्हाय!"

बस हसून हसून आडवी व्हायची राहिली. शंभुलिंगाचे कान लाल झाले. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या तात्या. तुमी काय सोडलं ते सांगा."

"म्या?" धोंडीबाची जीभ त्याला न विचारताच निघाली. "म्या आंबट सोडलं. सगळं."

कुणी हसलं नाही. बसमध्ये अशी शांतता पडली की मागचा खडखडणारा पत्राही ऐकू यायला लागला. धोंडीबाला आयुष्यभर हसू मिळालं होतं. अशी शांतता पहिल्यांदाच मिळाली, आणि ती त्याला गुळासारखी लागली. तो आणखी चाटायला गेला.

"आंबट, फळफळावळ, समदा पाला. आन हिरवी मिरची."

"हिरवी मिरचीबी?" कुणीतरी विचारलं.

"जिभेचा जाळच टाकला गंगेत."

पुढच्या बाकावरची एक बाई उठली आणि डुलत्या बसमध्ये वाकून त्याच्या पाया पडली. थाप मारताना पाय मागं घ्यायची सवय त्याला नव्हती. तेवढ्यात मागून द्वारकाबाईचा आवाज आला, "मग म्याबी सोडलं. धन्यानं सोडलं आन बायकू आंबट खात बसली, तर त्याचं पुण्य कसं पचंल?"

त्या वेळी धोंडीबानं खरं सांगितलं असतं तर एवढंच झालं असतं, की शंभुलिंग हसला असता. धोंडीबा वळला. द्वारकाबाईनं खिडकीबाहेर जी कोणती नदी चालली होती तिला हात जोडले होते आणि डोळे मिटले होते. तो परत पुढं बघायला लागला.

माळेवाडीत बातमी बसच्या आधी पोचली. ज्या माणसाला गाव बघितल्याबरोबर हसायचं, त्याला बघून आता लोक पदर सावरू लागले. सप्त्याचा नारळ त्याच्या हातानं फुटला. कुणाच्या घरी पंगतीला गेला तर वाढपी त्याच्या पानावर लोणचं येऊ नये म्हणून दोन हात लांबून जाई. काशीची गोष्ट होती ना ती. म्हशीच्या खव्याबद्दल माणूस खोटं बोलेल. काशीबद्दल कोण बोलतं?

आणि धोंडीबा? त्याचं बरं चाललं होतं. विहिरीवर मोटारीची पत्र्याची खोली होती, तिच्यात एका डब्यात मीठ आणि बोरं होती. भूमच्या बाजाराला गेला की पेरू, संत्री धोतराच्या सोग्यात यायची. मुंडाशाच्या आतल्या घडीत कायम एक लिंबू असायचं. शेतात भाकरी सोडली की ते निघे, चिरलं जाई, पिठल्यावर पिळलं जाई. बांधावरच्या मिरच्या तो झाडावरून थेट खायचा, शेळीसारखा. साली, बिया, देठ, सगळं खोलीमागच्या खड्ड्यात. सुरुवातीला त्याला या चोरीची गंमतच वाटली. पोरपणी दुसऱ्याच्या आमराईत शिरल्यासारखी.

घरी द्वारकाबाई मात्र प्रामाणिकपणे जेवत होती. ज्वारीची भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी, बिनचिंचेची आमटी, चहा. कांदा तिनं गळ्यात माळ घातल्यापासून सोडलेला. बटाटा वातूळ म्हणून तिला चालत नसे. मग उरलं काय? पण ती तक्रार करणाऱ्यातली नव्हती. उलट शेजारणींना सांगायची, "ह्येनी एवढं केलं. मला नुसतं मागनं चालायचं हाय."

पाडव्याच्या दिवशी सकाळी धोंडीबानं मोटारीच्या खोलीत हंगामातली पहिली कैरी खाल्ली. एक नाही, अडीच. घरी येईपर्यंत त्याचे दात असे आंबले की जीभ लावली तरी शिरशिरी. द्वारकाबाईनं ताट वाढलं. त्यानं भाकरीचा तुकडा दाताखाली धरला आणि "आई गं" म्हणून सोडला.

"काय झालं वं?"

"दाढ दुखतीया."

तिनं लगेच भाकरी दुधात कुस्करली, साखर घातली, वाटी त्याच्या हातात दिली आणि तो खाईपर्यंत समोर बसून राहिली. धोंडीबानं ते खाल्लं. प्रत्येक घास घशातून खाली जाताना विचारून जात होता, की बाबा, तू कोण?

त्यानंतर ती थकायला लागली. पाण्याची घागर दोनदा टेकवल्याशिवाय घरी येईना. गुडघे तर आधीपासूनचेच, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. पायाला बाभळीच्या काट्याचा ओरखडा उठला होता, तो दोन महिने झाले तरी मिटेना. नडगीवर बारीक लाल ठिपके आले, जणू कुणी सुईनं टोचून ठेवलेत. आणि वैशाखात एके दिवशी जेवताना तिनं भाकरीचा तुकडा दातानं तोडला, उरलेला ताटात ठेवला, आणि पांढऱ्या भाकरीच्या कडेला धोंडीबाला तांबडं दिसलं. रक्त. द्वारकाबाईनं त्याच्याकडं बघितलं आणि तुकडा उलटा करून ठेवला.

त्या दिवशी शेतातल्या पिठल्यावर धोंडीबानं लिंबू पिळलं नाही. लिंबू मुंडाशात असून पिळलं नाही. पण सांगितलंही नाही काही.

दुसऱ्या दिवशी जीपमध्ये बसवून तो तिला आरोग्य केंद्रात घेऊन गेला. तिथं डॉक्टर शिवांजली म्हणून एक तरुण पोरगी होती. केस घट्ट बांधलेले, बोलणं त्याहून घट्ट. तिनं द्वारकाबाईच्या हिरड्या बघितल्या. त्या सुजून जांभळ्या झाल्या होत्या. बोट लावलं तर रक्त. पायाचे ठिपके बघितले, ओरखडा बघितला, डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली.

"आजी, जेवणात काय काय असतं?"

द्वारकाबाईनं सांगितलं. यादी सांगायला वेळ लागला नाही.

"लिंबू?"

"न्हाय."

"चिंच, टोमॅटो, पेरू? कोथिंबीर तरी? शेवग्याचा पाला?"

"सोडलंय बाई. काशीला. दोघांनीबी."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. "पौषापासून? म्हणजे चार-पाच महिने तोंडात एक लिंबाची फोड नाही?"

"देवापुढं सोडलं म्हंजी सोडलंच की."

"आजी, ऐका." तिनं खुर्ची पुढं ओढली. "तुमच्याकडं शेळ्या आहेत?"

"दोन हायत."

"शेळी लिंबू खात नाही, तिला काही होत नाही. कारण शेळी क जीवनसत्त्व आपल्या अंगात स्वतः बनवते. माणसाला ते जमत नाही. आपल्याला रोज बाहेरूनच घ्यावं लागतं, आणि ते अंगात फार दिवस साठूनही राहत नाही. तुमची कणगी रिकामी झालीय. भिंतीत दगड असतात ना, ते कशानं धरून राहतात?"

"गाऱ्यानं."

"तसं आपल्या मांसाला, कातडीला, हिरड्यांना, रक्ताच्या नळ्यांना धरून ठेवणारा एक गारा असतो. तो कालवायला हे जीवनसत्त्व लागतं. ते नाही मिळालं की गारा निसटतो. म्हणून हिरडीतून रक्त, म्हणून ठिपके, म्हणून हा ओरखडा भरत नाही. आणि तुम्ही डाळ-भाकरी खाता, त्यातलं लोह रक्तात उतरायलाही लिंबाचा हात लागतो. म्हणून चेहरा असा पांढरा."

धोंडीबाला त्या खोलीत फार गरम व्हायला लागलं. विषय दुसरीकडं न्यावा म्हणून तो म्हणाला, "सर्दीबी जाती म्हनं त्येनं?"

"सर्दी घालवायचा तो मंत्र नाही आजोबा. पण हे जे आजींना झालंय ना, याला दुसरं औषध नाही. हेच." मग तिला काहीतरी सुचलं. "तुम्हीपण सोडलंय ना सगळं? या इकडं, आ करा."

धोंडीबानं आ केला. बॅटरीचा उजेड तोंडात फिरला. एकदा. परत एकदा.

"कमाल आहे. गुलाबी. घट्ट." तिनं त्याचं धोतर नडगीपर्यंत सरकवलं. "एक ठिपका नाही. दोघांचं जेवण एकाच चुलीवरचं ना?"

"माझं काय इचारताव," धोंडीबा म्हणाला, "लहानपनी म्या उसाऐवजी कुऱ्हाडीचा दांडा सोलून खायाचो."

डॉक्टर हसली. द्वारकाबाई हसली नाही. ती स्टुलावर बसून आपल्या पायांकडं बघत होती.

"त्येंचं मन साफ हाय म्हनून," ती हळूच म्हणाली. "त्येनी सोडलं ते मनापसनं सोडलं. माझ्या मनात कैरी येती बाई. पानी भरताना, दळताना, निजताना. मीठ लावलेली कैरी. तोंड आंबट हुतं नुसतं. देवाला कळत आसंल न्हवं? त्याचंच हे." आणि तिनं तोंडावर पदर घेतला, कारण तिला लाज वाटली होती. तिला!

धोंडीबाच्या मुंडाशात लिंबू होतं. त्याला ते डोक्यावर धोंड्याएवढं लागायला लागलं.

डॉक्टरनं गोळ्या दिल्या. "ह्या चघळायच्या. एक आत्ताच घ्या माझ्यासमोर." द्वारकाबाईनं गोळी जिभेवर ठेवली, तोंड फिरवलं आणि झटक्यात पदरात थुंकली.

"आंबट हाय ही!"

"आजी, औषध आहे."

"आंबट हाय बाई. न्हाय चालायचं."

"मग इंजेक्शनची व्यवस्था बघते मी."

"सुईतबी आंबटच आसनार की." तिनं शांतपणे गोळी डॉक्टरच्या टेबलावर ठेवली. "गोळीचं पातक तुमच्यावर नगं. मला काय, आता वय झालंच हाय."

डॉक्टर उठून धोंडीबाजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "आजोबा, यावर मस्करी नाही. हे असंच चाललं तर जीवावर बेतेल. आणि रोज एक लिंबू, एक पेरू पोटात गेला तर महिन्यात आजी धावायला लागतील. तुमचंच ऐकतील त्या. काहीही करा, पण खायला लावा."

घरी येताना जीपमध्ये द्वारकाबाईचं डोकं धोंडीबाच्या खांद्यावर पडलं होतं. रस्त्याच्या कडेला कैऱ्यांचे ढीग मांडून बायका बसल्या होत्या. तिनं डोळे मिटून घेतले. दिसू नयेत म्हणून.

दुपारी ओसरीवर तिला भिंतीशी उशी लावून बसवलं आणि धोंडीबा समोर मांडी घालून बसला. कधी नव्हे ते त्याला सुरुवात सुचेना.

"द्वारके, म्या काशीला काईबी सोडलं न्हाय."

"हूं," द्वारकाबाई म्हणाली.

"घाटावर गेलोच न्हाय म्या. वर पेरूवाला बसला व्हता."

"हूं."

"चार पेरू खाल्लं. मीठ लावून."

"हूं."

"आन आलो तवापसनं रोज खातोय. लिंबं, संत्री, मिरच्या. मोटारीच्या खोलीत."

"हूं," असं म्हणताना तिच्या ओठाच्या कडेला हसू आलं. दातांच्या फटीत रक्त होतं. "ब्येस रचलीया. पन अवं, मला जगवायसाठी एवढं पातक डोक्यावर घेताव व्हय? काशीला सोडलं न्हाय म्हनताव? तोंडाला आवरा. देव ऐकतोय."

"कसम तुळजाभवानीची, खरं सांगतोय!"

"वावटळीच्या वक्ताला बी कसमच घेतली व्हती की."

हे मात्र खरं होतं. वावटळीची शपथ त्यानं घेतली होती. विहिरीच्या बादलीचीही. अठ्ठेचाळीस वर्षांत त्यानं एवढ्या शपथा उधळल्या होत्या की आता खऱ्याला एक उरली नव्हती.

त्यानं मुंडाशातलं लिंबू काढून तिच्यापुढं धरलं. ती म्हणाली, "आज दवाखान्याच्या वाटंत घेतलं आसंल. ठिवा ते." तो म्हणाला, "हे बघ, म्या खाऊन दावतो," आणि त्यानं ते सालीसकट चावलं. द्वारकाबाईनं कपाळ बडवून घेतलं. "मोडलं! माझ्यापायी मोडलं तुमी!" आणि ती रडायला लागली. शेजारची शांतम्मा धावत आली, तिनं बघितलं, आणि अर्ध्या घटकेत गावभर झालं, की धोंडीतात्यानं बायकोच्या जिवासाठी काशीचं व्रत मोडलं. काय माणूस! त्याचा मान होता त्याहून वर गेला. धोंडीबाला वाटलं, आता जमीन दुभंगली तर बरं. पण भूमची जमीन. मे महिन्यात तिला भेगा पडतात त्या फक्त उंदीर जाईल एवढ्या.

तेव्हा तो उठला. भरउन्हात शेतात गेला. मोटारीच्या खोलीमागच्या खड्ड्याजवळ बसला आणि त्यानं आत बघितलं. तळाला पौषातल्या संत्र्यांच्या साली, काळ्या, कडक. त्यावर लिंबाच्या फोडी, वाळून नाण्याएवढ्या झालेल्या. पेरूचे देठ. बोराच्या आठळ्या. वर कैरीच्या कोयी, अजून ओलसर, मुंग्यांनी भरलेल्या. एखाद्या माणसाचं खोटं असं थरावर थर दिसत नाही सहसा. त्यानं दोन्ही हातांनी ते घमेल्यात भरलं, घमेलं डोक्यावर घेतलं आणि गावाच्या वाटेला लागला.

आडवाटही होती, ओढ्यातून. घराच्या मागच्या दारात निघणारी. धोंडीबा तिच्या फाट्यावर थांबला. मग सरळ पारावरून गेला.

पारावर पंधरा-वीस माणसं होती. त्याला बघून दोघं उभे राहिले, मानानं. कपाळावरून मुंग्या उतरून मानेत शिरत होत्या, चावत होत्या. हात घमेल्याला होते.

"तात्या, खत घेऊन चाललाव का?" शंभुलिंगानं विचारलं.

"न्हाय. काशी घेऊन चाललोय." धोंडीबा थांबला. "ये, बघ. पाच महिन्यांचं हाय. शंभुलिंगा, तुझ्या पडवळाला हसलो व्हतो न्हवं? तू पडवळ तरी सोडलंस. म्या घाटावर उतरलोच न्हाय. वर बसून पेरू खाल्लं."

दोघंतिघं हसले, सवयीनं. मग कुणीतरी घमेल्यात डोकावलं. एकानं संत्र्याची काळी साल उचलून मोडली, ती चुरली. हसू बंद झालं. बसमध्ये पडली होती तशीच शांतता पारावर पडली. पण या वेळी ती गोड लागली नाही. उभे राहिलेले दोघं हळूच खाली बसले.

घराच्या दारात धोंडीबानं घमेलं द्वारकाबाईपुढं ठेवलं. मागं शंभुलिंग, शांतम्मा, आणखी चारदोन माणसं येऊन उभी राहिली. त्यानं कुणाला हाकललं नाही.

द्वारकाबाईनं घमेल्यात बघितलं. बराच वेळ बघितलं. सुपातलं धान्य निवडावं तसा हात फिरवला. खालच्या साली वर आल्या, वरच्या खाली गेल्या. मग वाळून कडक झालेली, कोवळ्या कैरीची एक कोय तिनं बोटात धरली.

"ही कवाची?"

खोटं बोलायला आता जागा नव्हती, आणि बोलायचंही नव्हतं. "पाडव्याची."

"दाढ दुखत व्हती त्या दिवशी."

"व्हय."

"म्या भाकरी दुधात कुस्करून दिली."

"व्हय."

"खाल्ली तुमी."

धोंडीबानं मान हलवली. ती ओरडली असती, तिनं ती कोय फेकून मारली असती, तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं कोय परत घमेल्यात ठेवली, हळू, जागा बघून.

"म्या कैरी मनात येती म्हनून देवापुढं नाक घासत हुते," ती म्हणाली. त्याला नाही, घमेल्याला.

मग तिनं पदराला हात पुसले आणि विचारलं, "दुसरं लिंबू हाय का जवळ?"

धोंडीबानं मुंडासं सोडलं. चारचौघांत, उघड्या डोक्यानं. आतल्या दुसऱ्या घडीत आणखी एक होतं, डोक्याच्या उबेनं कोमट झालेलं. शांतम्मानं तांब्याभर पाणी, साखर, मीठ आणलं. धोंडीबानं पिळायला हात पुढं केला तर द्वारकाबाईनं लिंबू शांतम्माच्या हातात दिलं. सरबताचा पहिला घोट हिरड्यांना असा झोंबला की तिचे डोळे भरून आले. तिनं ते पुसले आणि उरलेला पेला एका दमात संपवला.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिच्या अंगात जरा तरतरी आली. पंधरवड्यात हिरड्यांतलं रक्त थांबलं. डॉक्टरच्या गोळ्या ती आता चॉकलेटासारख्या चघळायची. ज्येष्ठ निम्मा झाला तोवर पायावरचा ओरखडा मिटला, ठिपके विरले, आणि घागर एका दमात घरी यायला लागली. शेवग्याचा पाला, कोथिंबीर, वरून पिळलेलं लिंबू, सगळं ताटात आलं. धोंडीबाच्याही. वाढताना तिचा हात आखडता नव्हता. बोलणं तेवढं गरजेपुरतं: मीठ पाहिजे का, म्हैस सोडली का.

गावानं मात्र त्याला सोडलं नाही. पारावर आता ती गोष्ट दुसरेच सांगायचे. लोहारा गावचा कुणी पाहुणा आला की सुरू: गाडाभर साली निघाल्या! धोंडीबा कोपऱ्यात बसलेला असे. तो खाली मान घालून म्हणे, "गाडा न्हाय. घमेलंच व्हतं." पुढचा म्हणे, काशीत पाटीभर पेरू खाल्ले. "चार," धोंडीबा म्हणे. "चारच." त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच तो गोष्ट लहान करत बसला होता.

एका संध्याकाळी ओसरीवर टेकल्यावर त्याला राहवलं नाही. आत दिवा लागला होता, भांडं वाजत होतं. त्यानं घसा साफ केला.

"त्या साली ऊन कसलं पडलं व्हतं म्हनून सांगू. म्हैस गोठ्यात उभी. म्या चरवी घेऊन बसलो."

जिथं "हूं" यायचं तिथं तो थांबला.

आतून "हूं" आलं नाही. कटकन आवाज आला. द्वारकाबाई चुलीपाशी बसून मीठ लावलेली कैरी खात होती. दात घट्ट झाले होते तिचे.

"बसलो," तो म्हणाला, "आन धार काढली. तर चरवीत..."

कटकन.

त्यानं गोठ्याकडं बघितलं. म्हैस गोठ्यात रवंथ करत होती. तिला या सगळ्याचं काही नव्हतं.

"खवा न्हवता गं," शेवटी तो म्हणाला. "दूधच व्हतं. आन तेबी पातळ."

आत काहीच वाजलं नाही. मग, तोंडात कैरीचा तुकडा तसाच असताना, बारीक आवाज आला:

"हूं."